सहा पायांची चिप

हॅलो?…

हो, मीच. बोला… पोचलात का सोलापूरला? पार्टच्या दुकानातच आहात ना?… बरं झालं. तिथून हलू नका.

नाही, घेऊ नका अजून काही… अहो ऐका ना आधी. तेरखेड्याच्या तुळजामावशींचा टीव्ही, सकाळी तुम्ही खोलून ठेवलात तो. त्याचाच बोर्ड समोर घेऊन बसलेय… हो, साफ केला. ब्रश मारला, मग थिनर… धूळ नव्हती ती. कुंकू होतं.

कुंकू… हो हो, हळदसुद्धा. वरच्या जाळीतून आत गेलेलं. कोंडीरामकाका गेल्यापासून मावशी दर शुक्रवारी टीव्हीची पूजा करतात. पेनड्राइव्ह लावतात, हळदीकुंकू वाहतात, मग काका चॅनेलवर गायले होते ते येडेश्वरीचं गाणं लावतात, टीव्हीतच रेकॉर्ड केलेलं… आता देवीची गाणी गाणाऱ्या आराध्याच्या घरातली बाई, देवीचं गाणं ज्यातून येतं त्याला कुंकू लावणारच की.

हळू बोला… मावशी इथंच बसल्यात दुकानात. त्यांना वाटतंय देवी कोपली. मागच्या शुक्रवारी ताप होता, अंघोळ न करता पूजा केली म्हणून… नाही, मी तसं काही म्हटलं नाही. खोटंही बोलले नाही. म्हटलं, कुंकू आत सांडलंय मावशी, ओल धरून जळलंय, यात कोप कसला… ऐकतात कुठं. माळ ओढत बसल्यात.

हां, तेच सांगतेय. जळलीय ती सहा पायांची बारकी चिप. कॉइलच्या शेजारची, मोठ्या चिपला व्होल्टेज उतरवून देणारी. डोक्याला भोक पडलंय… नंबर? नंबरच तर नाही. भिंग लावून बघितलं. पहिली दोन अक्षरं दिसतात, ए आणि एस. पुढचं जळून गेलंय… नाही, थिनरनं नाही पुसलं, आधीच काळं होतं. उगीच मला लावू नका.

अख्खा बोर्डच बदलायचा म्हणता?… मला वाटलंच होतं तुम्ही हे म्हणणार.

नाही चालणार… अहो, तुम्हीच सांगितलं होतं ना मला. ज्या टीव्हीत रेकॉर्डिंग केलं तोच टीव्ही ते उघडतो. मोठ्या चिपच्या आत कुलूप असतं त्याचं. बोर्ड बदलला की पेनड्राइव्ह असून नसल्यासारखा… नाही हो. कॉम्प्युटरवर पण नाही उघडत. मावशींच्या कृष्णराजनं कळंबला दोन दुकानात लावून बघितला.

गाणं मोबाईलवर आहे, माहीत आहे मला. कृष्णराजनं आईला दाखवलंय… गाण्यासाठी नाही ते. थांबा, बाहेर येते जरा.

…

हां. आता बोलते. हायवेच्या कडेला आलेय, गाड्यांचा आवाज येईल, सांभाळून घ्या… ऐका. गाण्याच्या आधी त्या चॅनेलच्या बाईनं काकांशी थोडं बोलणं केलं होतं. किती वर्षं गाताय, संबळ कोण वाजवतं, असलंच काहीतरी. मग तिनं विचारलं, घरी कोण कोण असतं. तर काकांनी मावशींचं नाव घेतलं.

नाव… तोंडानं. उखाण्यात नाही, सरळ. ‘माझी तुळजा असती घरी’ म्हणाले.

जन्मभर कधी घेतलं नव्हतं. ‘अगं’, नाही तर ‘कृष्णाची आय’. मरताना पण ‘अगं पाणी दे’ म्हणाले म्हणे… त्या चॅनेलवाल्यांनी मोबाईलवर टाकताना बोलणं कापलं, नुसतं गाणं ठेवलं. बोलणं आहे ते फक्त या पेनड्राइव्हमध्ये.

पोराला कशा सांगतील त्या?… मला म्हणाल्या, ‘म्या काय सांगू पोराला, तुझ्या बापानं माझं नाव घेतल्यालं ऐकायचंय म्हनून? हसंल की मला.’ त्याला वाटतं आई गाण्यासाठी अडून बसलीय. तुम्हाला सांगितलं हेसुद्धा त्यांना कळू देऊ नका. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून बजावतेय.

हसताय काय.

तर कृष्णराज तासाभरात येतोय जीप घेऊन. कळंबला नवा टीव्ही ठरवलाय त्यानं. जुना देऊन नवा घ्यायचा. चालू झाला तर ठेव म्हणालाय आईला, नाही तर तसाच गाडीत टाकणार… मी बोलते त्याच्याशी, पण काय बोलू? कारण सांगायचं नाही, आणि टीव्ही बंद. आईचा हट्ट म्हणून उचलून नेईल.

म्हणून म्हणतेय, चिप कळली पाहिजे. आज, आत्ता… बरं. आत जाते. कानात वायर घालते म्हणजे दोन्ही हात मोकळे.

…

हां, बोला. ऐकू येतंय… काय म्हणतात दुकानदार? ए एसवाली आहे त्यांच्याकडं?… सहा पायांची, तेवढीच. सगळे तीच लावतात… असं म्हणतात ते. फोन देता त्यांच्याकडं? द्या.

नमस्कार, नंदीशअण्णा. मी श्रीदेवी… हो, तुमच्यासमोर उभे आहेत ना, त्यांच्याच घरची… चांगले आहेत सगळे. अण्णा, तुमच्या त्या चिपवर पूर्ण काय लिहिलंय?… ए एस, पुढं दोन आकडे. बरं. पण अण्णा, ही अक्षरं म्हणजे नंबर नाही ना. एवढ्याशा चिपवर नंबर मावत नाही म्हणून खूण छापतात. एका कंपनीची खूण दुसरी कंपनीपण वापरते… हो, तुम्ही रोज विकता, तुमच्यावर अविश्वास नाही. पाय जुळतील. मला पायांची काळजी नाही, व्होल्टची आहे.

बेडा, बेडा अण्णा, आत्ताच पाकिटात घालू नका. नको म्हणतेय. त्यांच्याकडं द्या फोन.

अहो, त्यांना राग आला का?… बघा बाई, मी काही वाकडं बोलले नाही. आता ऐका. तुम्ही कागद-पेन घेऊ नका, नुसतं डोक्यात ठेवा.

जळकी चिप मी काढून टाकलीय… हो, गरम हवेनं. बोर्डाला काही झालं नाही. खाली तांब्याच्या पट्ट्या दिसतात, त्यावरून कुठला पाय कशाचा ते ओळखलं. एक जमिनीला जातो. एक कॉइलला. एकावर वरून पाच व्होल्ट येतात. आणि एक पाय जातो दोन बारक्या रेझिस्टन्सच्या मधे. त्या पायानं चिप आपलंच व्होल्टेज तपासत असते… माहीत आहे तुम्हाला, मी माझ्यासाठी बोलतेय. बोलल्याशिवाय मला सुचत नाही.

ते दोन्ही रेझिस्टन्स मोजले. सारखे आहेत… सारखेच, दोनदा मोजले. म्हणजे चिप जे मूळ व्होल्टेज धरते, त्याच्या दुप्पट बाहेर येणार. बरोबर?… आणि कॉइलच्या कडेला बोर्डावर बारीक छापलंय, एक पॉइंट दोन. कुंकवाखाली दडलं होतं. तर मूळ किती झालं?

हां. पॉइंट सहा.

आता अण्णांना विचारा, त्यांच्या चिपचं मूळ किती आहे. त्यांच्या मोबाईलवर तिचा माहितीचा कागद उघडता येईल… विचारा तर. मी थांबते.

…

मावशी, पाणी घ्या. घ्या हो… मी नाही घेत, सोमवार आहे माझा… अजून कळलं नाही मावशी. दुकानात विचारतायत ते. तुम्ही माळ चालू ठेवा.

…

हां, बोला… पॉइंट आठ.

पॉइंट आठ. मग दुप्पट किती? एक पॉइंट सहा… आता सांगा. एक पॉइंट दोनच्या जागी एक पॉइंट सहा गेलं असतं मोठ्या चिपला. टीव्ही एक क्षण लागला असता आणि मग कायमचा… ‘चालून जातं’ म्हणतात ते? चालत असेल. कुणाच्या घरी महिनाभर चालेल, कुणाच्या घरी नाही चालणार. मावशींच्या टीव्हीवर मला ते बघायचं नाही.

नाही, अण्णांना तसं सांगू नका. त्यांना बरं वाटणार नाही. पॉइंट सहावाली आहे का, एवढंच विचारा…

नाही? मागवावी लागेल. उद्या की परवा…

…

नाही, आहे मी. विचार करतेय.

अहो, तो सेट टॉप बॉक्स आहे बघा, रिमोट घेत नाही म्हणून कुणीतरी टाकून गेलेला. खालच्या फळीवर, तुमच्या भंगारात… त्यात एक सहा पायांची आहे. मघाशीच दिसली होती. थांबा, तो चालू होतो अजून, नुसता रिमोट घेत नाही ना… वायर लावते. बोलत राहा तुम्ही, नाही तर बोलू नका. दोन्ही नको.

अक्षरं वेगळी आहेत हिच्यावर. असू दे. चालू बोर्डावर अक्षरं बघायची गरजच काय. तो तपासायचा पाय असतो ना, त्याच्यावर मीटर लावलं की मूळ व्होल्टेज आपोआप दिसतं… हां. एक हात लावते. घसरू नये म्हणजे झालं, शेजारच्या पायाला लागलं तर ही पण जाईल…

…

शून्य पॉइंट सहा.

पॉइंट सहा, पॉइंट सहा. हलत नाही… हो, परत बघितलं. आता पायांचा क्रम बघते. जमीन, इथं. कॉइल, इथं. तपासायचा पाय… हो. जुळतंय. सगळे जुळतायत हो.

तुम्ही यायची वाट बघू? कशी बघू… तुमची गाडी येईपर्यंत कृष्णराज टीव्ही घेऊन गेलेला असेल.

हे बघा. मी आवाज चढवत नाही तुमच्यासमोर, तुम्हाला माहीत आहे. पण आत्ता तुम्ही रागावलात तरी मी हे करणार आहे… उपासानं हात कापेल? लग्नाच्या आधीपासून सोमवार धरतेय. आजवर एकदा तरी कापला का हात? तुमच्यापेक्षा बारीक काम मीच करते, आणि गिऱ्हाइकाला सांगता तुम्ही केलं म्हणून… बरं, ते राहू दे. आत्ता नको.

थांबा, नाव घेऊ द्या देवाचं… ॐ नमः शिवाय.

काढते इकडची… हवा कमी ठेवलीय… हलली. हां, आली चिमट्यात. भाताचं शीत पण मोठं असतं हिच्यापेक्षा. मावशी, पंखा बंद करता का? उडून जाईल… हां, बसा.

ठेवली. टिंब कुठल्या बाजूला होतं… डावीकडं. जुनीचं पण डावीकडंच होतं, काढायच्या आधी मोबाईलवर फोटो घेतला होता. बरोबर.

…

बसली. सरकली थोडी, पण सोल्डर वितळलं तशी आपोआप जागेवर आली. गार होऊ दे.

काय?… हो, तो विचार मला पण आला. आधी मोठ्या चिपपासून तोडून व्होल्टेज बघता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मधे सांधाच नाही हो. कॉइलमधून पट्टी सरळ मोठ्या चिपखाली जाते. पट्टी कापली तर परत जोडायला जागा नाही. जे होईल ते एकदाच होणार.

आणि दुसरी पण भीती आहे… तीच. जुनी जळाली तेव्हा वरचे पाच व्होल्ट सरळ खाली उतरले असतील, तर मोठी चिप केव्हाच गेलीय. मीटरनं बघितलं, शॉर्ट दाखवत नाही. पण मीटरला सगळं कळतं असं नाही… मावशींना नाही सांगितलं ते. विचारलं नाही त्यांनी. विचारलं तर सांगेन.

हां, सिरीजला बल्ब लावलाय, शॉर्ट असला तर तोच पेटून राहील. पॅनेलच्या मागचे दिवे मुद्दाम जोडले नाहीत, पहिल्यांदाच जास्त भार नको. स्पीकर आहे जोडलेला.

मावशी, इकडं नका येऊ. तिथंच थांबा. रिमोट आहे ना तुमच्याजवळ? आत्ता दाबू नका, मी सांगेन तेव्हा.

लावतेय… काही बोलू नका तुम्ही पण.

…

बल्ब भडकला… थांबा. थांबा… उतरला. उतरला हो, बारीक झाला. शॉर्ट नाही.

मीटर… एक पॉइंट दोन. एक पॉइंट दोन शून्य. हलतंय थोडं… थांबलं. हो, थांबलं.

लाल दिवा नाही अजून.

नाही… नाही आला.

अहो, काय करू? बंद करू का?… थांबू म्हणता. बरं. चिपला हात लावून बघते… गार आहे. मोठी चिप पण गारच आहे. गार म्हणजे काम करत नाही की…

काही नाही, मावशी. वेळ लागतो कधी कधी… हो, मोठी चिप जळालेली असू शकते. खोटं कसं सांगू तुम्हाला. पण अजून कळलेलं नाही. बसा.

अहो, जीपचा आवाज आला बाहेर. कृष्णराज असेल… नाही, पुढं गेली. दुसरी कुठली.

मोठी चिप कोमट लागतेय. कोमट… हो, खरंच, मनाचं सांगत नाही. मघाशी गार होती.

दिवा. आला दिवा. लाल… हो. आला.

मावशी, दाबा आता. वरचं लाल बटण… हां.

…

पडदा काळाच आहे. काळाच राहणार, मागचे दिवे नाहीत ना. बॅटरी कुठं ठेवलीत तुम्ही?… खिळ्याला, हां, सापडली. तिरकी धरली की दिसतं अंधुक… शटर खाली ओढते.

दिसतंय. कंपनीचं नाव आलंय… गेलं. आता यादी आली. मावशी, बॅटरी धरता का? अशी, कडेनं. मी बटणं दाबते. पेनड्राइव्ह लावला… थांबा, काहीतरी विचारतंय. इंग्रजीत आहे. बारीक अक्षरं… अहो, हे पेनड्राइव्ह पुसायचा का म्हणून विचारतंय.

नाही नाही, दाबलं नाही. हात लांब आहे… का विचारलं असेल? ओळखत नाही का हा त्याला? मोठी चिप विसरली असेल तर?… नीट बसला नसेल? मी घाईत लावला. काढू तसाच?… ‘नाही’वर जाते आधी. ‘नाही’. गेलं ते. आता काढते. पेनड्राइव्ह लावायच्या खाचेत आत लाल दिसतंय थोडं, कुंकूच. कोरड्या ब्रशनं झाडते…

परत लावला.

…

या वेळी विचारलं नाही. यादी आली. एकच नाव आहे, पुढं तारीख… हीच का मावशी?… हीच म्हणतात.

दाबते.

चाक फिरतंय नुसतं… फिरतंय… अजून फिरतंय.

संबळ. ऐकू येतंय का तुम्हाला? संबळ वाजतोय… फोन स्पीकरजवळ धरते, थांबा. आता?… हां. बाई बोलतायत त्या, चॅनेलच्या. पिवळ्या साडीतल्या. काका दिसतात, गळ्यात कवड्यांची माळ, पण अंधुक. मावशी बॅटरी त्यांच्या तोंडावर धरतायत…

श्श. विचारलं तिनं. घरी कोण असतं विचारलं.

…

ऐकलंत?

…

घेतलं हो. स्पष्ट घेतलं.

मावशी?… काही नाही, त्या माझ्याकडं बघतच नाहीत. बॅटरी खाली ठेवली. डोक्यावर पदर घेतला आणि खुर्चीवरून उतरून खाली जमिनीवर बसल्यात, पडद्यासमोर. अंधारातच. गाणं सुरू झालं पण त्या मला खुणेनं मागं घे म्हणतायत, परत तेवढंच लाव म्हणतायत.

हो, लावते… नाही, तुम्ही आता काही बोलू नका. कृष्णराजची जीप आलीय बाहेर, शटर वाजवतोय. वाजवू दे जरा. एकदा परत ऐकू दे त्यांना, मग उघडते.

ठेवते.